रायपुरातला साडेतीनचा आकडा

परत आल्यापासून स्टाफरूममध्ये जो तो विचारतो, "मॅडम, रायपूरला काय काय पाहिलंत?" एक दवाखाना, त्यातला एक कूलर आणि भांड्यांची सात दुकानं, असं खरं उत्तर दिलं तर लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवते. माझी विद्यार्थिनी ऋचा वानखेडे चार वर्षं पीएचडीसाठी एक पट्टी बनवतेय. घरी साखर मोजायचं यंत्र असतं, बोट टोचून थेंब पट्टीला लावायचा, तसलीच. फक्त ही साखरेऐवजी क्रिएटिनिन मोजते. किडनी दमायला लागली की रक्तात क्रिएटिनिन साचत जातं. आमच्या पट्टीवर तीन एन्झाइमं बसवलेली आहेत. ती क्रिएटिनिनची मोडतोड करत करत शेवटी पेरॉक्साइड बनवतात, ते पेरॉक्साइड पट्टीवरच्या धातूपाशी इलेक्ट्रॉन सोडतं, आणि त्यातून निघालेला इवलासा वीजप्रवाह आम्ही मोजतो. इतका इवलासा, की शेजारी कुणी मोबाइल उचलला तरी तो थरथरतो.

ऋचा मूळची रायपूरची. तिच्या माहेरच्या ओळखीतले डॉ. साहू तिथे किडनीचा दवाखाना चालवतात. आधी वीस रुग्णांच्या रक्तावर पट्टीचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळवून दाखवा, मग शंभर रुग्णांची परवानगी देतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. शंभर रुग्ण मिळाले तर प्रबंध पुरा होणार होता. नाही मिळाले तर चार वर्षांची मेहनत बाटलीतल्या द्रावणांपुरतीच राहणार होती. समितीच्या सह्या, कागद, शिक्के सगळं उरकून आम्ही दोघी मे महिन्यात निघालो. मे महिना का, तर कॉलेजला सुट्टी तेव्हाच असते. इथूनच चुकायला सुरुवात झाली.

चौबे कॉलोनी

स्टेशनवरून ऋचाच्या घरी पोचलो तर तिचे वडील फाटकाशीच उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, मोठ्या आवाजाचे. माझ्या हातातली थंड पेटी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"या या, मॅडम! मले वाटलं गाडी लेट होऊन राहिली. हेच का ते? आमच्या पोट्टीनं बनवलेलं?"

"काका, ती पेटी उघडू नका बरं. थंडच राहू दे."

"हव, हव."

हे 'हव' मी पाच दिवसांत शेकडो वेळा ऐकलं. छत्तीसगढीत त्याचा अर्थ 'हो'. माझ्या कानाला ते 'हवं' असं ऐकू यायचं आणि दर वेळी मी, काय हवंय, म्हणून थांबायची. शिवाय हव म्हटलं म्हणजे तसं करतीलच असंही नाही.

ऋचाची आई, सुनंदाकाकू, स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. पंडरीत, म्हणजे इथल्या कापडबाजारात, त्यांचं अस्तरांचं आणि फॉलबिडिंगचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षांपासून, एकटीनं चालवलेलं. आम्ही येणार म्हणून त्या दिवशी उशिरा उघडणार होत्या. त्यांनी माझ्यापुढे फरे ठेवले, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळ्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी. मी दोन खाल्ले. त्यांनी आणखी सहा वाढले. कोल्हापुरात पाहुण्याला तिखटानं मारतात, इथे तांदळानं. दुपारी पुन्हा बोरे बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. उन्हात एवढं शहाणं जेवण मी दुसरं खाल्लेलं नाही, पण तिसऱ्यांदा वाढल्यावर माझा आवाज चढलाच.

मी आंघोळीला गेले. परत येऊन पाहते तर हॉलमध्ये शेजारपाजारची सहा माणसं बसलेली, मधे पेटी उघडी, आणि काका एकेक चंदेरी पाकीट फाडून पट्ट्या हातोहात फिरवून राहिलेले. त्यांचंच क्रियापद वापरते, कारण माझं त्या क्षणी सुचत नव्हतं.

"देखिए, कागज़ जैसा है, लेकिन अंदर एंजाइम है!"

पाकीट फुटलं की हवेतला ओलावा लागून पट्टी तासाभरात कामातून जाते. चाळीस पट्ट्या गेल्या. ऋचा बापावर इतकी ओरडली की शेजारी चहा अर्धा टाकून उठले. काका म्हणाले, "अरे, काहून चिडून राहिली? मी फक्त दाखवलं." आणि दुखावल्या चेहऱ्यानं पेपर वाचत बसले. त्यांच्यावर धड रागावताही येईना, कारण शेजाऱ्यांना दाखवताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मीही पाहिलं होतं.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. साहूंनी आम्हाला एक टेबल दिलं. टेबलाच्या मागेच खिडकीत लोखंडी कूलर, साधारण कपाटाएवढा. डॉक्टर हसतमुख, मोजकं बोलणारे. "बीस सैंपल, मैडम. मिल गया तो सौ दे दूँगा. नहीं मिला तो चाय पीकर जाइए," एवढं बोलून राउंडला गेले.

पहिली पट्टी लावली. पडद्यावरची रेष सरळ चढून सपाट व्हायला हवी. ती भूकंपमापकासारखी नाचायला लागली. दुसरी पट्टी, तेच. तारा तपासल्या, जोडण्या पुसल्या, लॅपटॉप बॅटरीवर चालवला. शेवटी ऋचानं कूलरकडे बोट दाखवलं. तो बंद केला. रेष शांत झाली.

आणि पाच मिनिटांत तिथल्या सिस्टर येऊन कूलर लावून गेल्या.

"सिस्टर, ज़रा बंद रखेंगे?"

"हव."

पुन्हा पाच मिनिटांनी कूलर सुरू. त्यांचंही बरोबर होतं. बाहेर रांगेत बसलेली माणसं डायलिसिसची, पाणीसुद्धा मोजून प्यायची मुभा असलेली. त्यांना त्या उकाड्यात कूलरशिवाय ठेवणं म्हणजे छळच. मी चार वेळा विनंती केली, पाचव्यांदा मला माझीच लाज वाटली. दुपारपर्यंत एकही आकडा धड आला नव्हता. डॉक्टर जाता जाता डोकावले, रेष पाहिली, "ईसीजी है क्या?" म्हणाले आणि गेले. तो विनोद मला अजूनही आवडलेला नाही.

उपाय माहीत होता. पट्टी धातूच्या बंद डब्यात ठेवायची, म्हणजे बाहेरची विजेची गडबड आत शिरत नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी चांगला पेटारा आहे. तो कोल्हापुरात.

गोल बाजार

म्हणून भर दुपारी आम्ही गोल बाजारात डबा शोधायला गेलो. झाकणाचा, घट्ट बसणारा, बाजूला तार जाईल एवढं भोक पाडलेला स्टीलचा डबा. डबे ढिगानं होते. भोक पाडून द्यायला कुणी तयार नव्हतं.

"दीदी, छेद करेंगे तो डब्बा खराब हो जाएगा."

"हमको खराब ही चाहिए, भैया."

"फिर आटा कैसे रखेंगी?"

आटा ठेवायचा नाही म्हटलं की लोक संशयानं पाहायचे. एका दुकानदारानं मला भोकाची गाळणी दाखवली. दुसऱ्यानं मोदकपात्र. सहाव्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नया डब्बा हम नहीं फोड़ते." सातव्या दुकानातल्या बाईंनी मात्र कारणच विचारलं नाही. आतून खिळा आणि हातोडी आणली, दोन घाव घातले, डबा माझ्या हातात ठेवला. त्यांच्या मी पाया पडायचीच बाकी होते.

तिसऱ्या दिवशी तो डबा टेबलावर आला. आत पट्टी, बाजूनं तार, झाकण बंद. कूलर घोंघावत होता आणि रेष सरळ. ऋचा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पण संध्याकाळी वीसही आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांशेजारी मांडले तेव्हा ते हसू गेलं. चौदा सुंदर जुळले होते. सहा भलतेच जास्त आले होते, दुप्पट-तिप्पट. थोडे इकडेतिकडे असते तर समजू शकलं असतं. हे सहा म्हणजे शुद्ध खोटे होते.

"मैडम, ये छह कौन हैं? भूत?" डॉक्टरांनी विचारलं.

घरी आलो. मूड पार गेलेला होता. काकांनी वातावरण हलकं करायला बोट पुढे केलं. "माझं पाहा न जरा." खरं म्हणजे मला पट्ट्या वाया घालवायच्या नव्हत्या, पण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. काकांचा आकडा आला एक. ठणठणीत. मग त्यांनी काकूंना हाक मारली. काकू दुकानातून नुकत्याच आल्या होत्या. "मले नको," म्हणाल्या. "लाव वं, काय होते त्यानं?" म्हणत काकांनी त्यांचा हात धरूनच आणला.

साडेतीन.

निरोगी बाईचा आकडा एकाच्या आतबाहेर असतो. ऋचानं दुसरी पट्टी काढली. पुन्हा साडेतीनच्या वर. काका "मशीन खराब असन," म्हणाले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मशीन खराब आहे असं मी म्हणावं म्हणून ते पाहत होते, आणि तसं म्हणायची मला सोय नव्हती, कारण शेजारी त्यांचा स्वतःचा बरोबर आकडा होता.

काकू मात्र घाबरल्या नाहीत. त्या चिडल्या. "मी म्हटलं होतं न, मले नको म्हणून," एवढं बोलून कणीक मळायला गेल्या. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळीच डॉ. साहूंनी त्यांचं शिरेतलं रक्त तपासलं. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक आठ. काकू अगदी बऱ्या होत्या. काकांनी दवाखान्यातच हात जोडले. ऋचा बाकावर बसून रडली, सुटकेनं की दुसऱ्या कशानं ते तिलाही कळलं नसेल, कारण आई बरी आहे याचा दुसरा अर्थ पट्टी खोटी आहे असाच होता.

"सॉरी, मैडम," डॉक्टर म्हणाले. "सौ पेशंट अभी नहीं दे सकता."

मी वाद घातला नाही. फक्त त्या सहा रुग्णांचे केसपेपर मागितले. नावं झाकून त्यांनी ते पुढे केले. मी एकेक कागद पाहत गेले आणि चौथ्या कागदापाशी स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटली. सहाही जणांना पॅरासिटामॉल चालू होतं. अंगदुखी, कणकण, सांधे. किडनीच्या रुग्णाला दुखलंखुपलं तर डॉक्टर तीच गोळी देतात, कारण दुखण्यावरच्या बाकीच्या बऱ्याच गोळ्या किडनीला बाधतात.

आणि पॅरासिटामॉलसुद्धा विजेच्या त्याच दाबाला, त्याच धातूपाशी, इलेक्ट्रॉन सोडतं. पट्टीला वाटतं पेरॉक्साइडच आलं. असे उपरे पदार्थ अडवायला आम्ही पट्टीवर एक पातळ साय चढवली होती. ती ऋण भार असलेल्यांना हाकलते. क जीवनसत्त्व, युरिक अॅसिड बाहेर राहतात. पॅरासिटामॉलवर भारच नसतो, ते सरळ आत जातं. हे मी दर वर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला फळ्यावर शिकवते. थोडंसं पॅरासिटामॉल घालून आम्ही चाचणीही केली होती, फरक किरकोळ दिसला आणि पुढे गेलो. म्हणजे ज्या माणसांसाठी पट्टी बनवली, नेमकी त्यांनाच ती खोटं सांगणार होती. चार वर्षं! काकांनी फाडलेल्या पाकिटांवर मी किती चिडले होते. माझी चूक त्याहून कितीतरी मोठी होती, आणि ती उन्हाळ्याची नव्हती, कूलरचीही नव्हती.

"पण आईचं काय?" ऋचा म्हणाली. "आई तर गोळी घेतच नाही. तिला तर कधी तापसुद्धा येत नाही."

पंडरी

मी एकटीच गेले. ऋचाला सांगितलं, मला अस्तराचं कापड बघायचंय.

पंडरीच्या गल्लीत कापडाचे ठाण दुकानांबाहेर उभे करून ठेवलेले असतात, त्यांच्यातून आडवं होऊन चालावं लागतं. काकूंचं दुकान म्हणजे एक फळी, मागे छतापर्यंत रंगांची मांडणी आणि पुढे उभं राहायला हातभर जागा. बसायला काहीच नाही. एका बाईनं ब्लाउजपीस दाखवलं, काकूंनी न शोधता हात वर करून नेमक्या त्या छटेचं अस्तर ओढलं. "यही है, दीदी, घर जाके मिला लेना." बाई गेली. शेकडो रंग त्यांना पाठ होते. मी तो हात पाहत होते आणि त्या दुसऱ्या हातानं फळी किती घट्ट धरून उभ्या आहेत तेही.

"काकू, तुम्ही दुखण्याची कुठली गोळी घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कात्रीनं एक धागा कापला.

"ऋचानं पाठवलं?"

"नाही. तिला माहीत नाही. तुमच्या रक्तातच दिसलं."

"थेंबात दिसते हे?"

"दिसू नये असं आम्ही ठरवलं होतं. पण दिसलं."

मग त्यांनी खालच्या खणातून लेसचा डबा काढला. आत लेस नव्हती. गोळ्यांची पाकिटं होती, बरीचशी रिकामी.

"गुडघे," त्या म्हणाल्या. "सहा-सात वर्षं झाली. सकाळी उठल्या उठल्या दोन घेतो, मग चालता येते. दुपारी दोन. संध्याकाळी घरी जायच्या आधी दोन, म्हणजे यांच्यासमोर लंगडत नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? म्हणाले असते, दुकान बंद कर, आता काय गरज आहे, घरी बस. हे तर वाटच पाहून राहिले. ऋचा म्हणाली असती, कोल्हापूरले चल. तुम्ही सांगा, मॅडम, मी तिथं काय करू? इथं मले सगळी पंडरी ओळखते."

मी एवढंच म्हटलं, की ऋचाची चार वर्षं त्या साडेतीनमध्ये अडकली आहेत; तो आकडा गोळीमुळेच आला हे सिद्ध झालं तर चूक सापडली, आणि सापडली की दुरुस्त करता येते. त्यासाठी त्यांना डॉक्टरांना सगळं सांगून एक दिवस गोळी थांबवावी लागेल. आणि घरात सांगावं लागेल.

काकूंनी ते दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत मनात घोळवलं. मग डबा पिशवीत टाकला.

"एक दिवस न? ठीक आहे. पण दुकान बंद करा म्हणून तुम्ही पण नका म्हणू."

"मी कशाला म्हणू? तुम्ही मला हिरव्यात किती छटा आहेत ते तरी शिकवा."

संध्याकाळी त्यांनीच घरी सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, पाठ आमच्याकडे ठेवून. काका उठून बाहेर गेले आणि बराच वेळ अंगणातल्या नळाशी झाडांना पाणी घालत राहिले. डॉक्टरांनी फोनवर ऋचाला, "रोज़ इतनी? लिवर भी देखना पड़ेगा," म्हणून फैलावर घेतलं, जणू गोळ्या तिनंच खाल्ल्या होत्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. यकृताला फारसं काही झालेलं नाही, गोळ्या आता मोजून मिळतात, आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. दुकान चालू आहे. ऋचा आता प्रत्येक पट्टीवर दोन जागा करतेय, एक एन्झाइमांची आणि एक कोरी. कोरीवर जो प्रवाह येईल तो उपऱ्यांचा, तो वजा करायचा. हे चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. डॉ. साहूंनी पुन्हा वीस नमुने द्यायचं मान्य केलंय, पण मेमध्ये नाही, असं मीच त्यांना सांगितलं.

पाचव्या दिवशी आमची गाडी दुपारची होती. आदल्या दुपारपासून काकूंनी गोळी घेतली नव्हती. टेबल, डबा, लॅपटॉप, सगळं हॉलमध्ये मांडून आम्ही बसलो होतो. काका म्हणाले, "तिकडंच जाऊन घ्या न थेंब," पण आतून काकूंचा आवाज आला, "येतो मी."

खोलीच्या दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं असतील. पहिलं पाऊल टाकून त्यांनी भिंत धरली. मग दुसरा पाय ओढून पहिल्याशेजारी आणला. थांबल्या. पुन्हा भिंत. ऋचा उठायला गेली, त्यांनी हातानंच तिला बसवलं. दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, खुर्चीची पाठ, असं धरत धरत, ओठ मिटून, त्या आल्या. सात वर्षं याच घरात काकांनी त्यांना रोज भराभर चालताना पाहिलं होतं, ऋचानं दर सुट्टीत. काका उभेच होते.

काकू खुर्चीत बसल्या, श्वास घेतला आणि बोट पुढे केलं. ऋचानं थेंब घेतला, पट्टी लावली, डब्याचं झाकण बंद केलं. रेष चढली आणि सपाट झाली. शून्य पूर्णांक नऊ. आम्हाला हवा होता तोच आकडा. पडद्याकडे फक्त मी पाहत होते.

"आला का?" काकूंनी विचारलं.

"आला, आई," ऋचा म्हणाली. "बरोबर आला."

"मग दे आता ती गोळी."